डब्यावरचा पत्ता



माझ्या दवाखान्यात सर्वांत अधिक वेळा मागितले जाणारे औषध कोणते, असे कुणी विचारले तर मी तापाच्या किंवा सांधेदुखीच्या गोळीचे नाव घेणार नाही. "डॉक्टरबाई, प्रतिकारशक्ती वाढवायचं काहीतरी लिहून द्या," ही मागणी कुसगावात मी सव्वीस वर्षे ऐकत आले आहे. करोनाच्या साथीनंतर ती फारच वाढली. घरात कर्करोगाचा रुग्ण असेल तर तीच मागणी काकुळतीची होते. मीही अनेकदा एखादे टॉनिक लिहून देत असे. त्याने अपाय होत नाही आणि घरच्यांना काही केल्याचे समाधान मिळते, असा माझा समज होता. एका रुग्णाने तो समज दूर केला. त्यांची हकिगत, आणि त्या निमित्ताने मी नव्याने शिकलेले थोडे पेशीविज्ञान, आज आपल्यापुढे ठेवते. हकिगतीतली चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकते.

त्या रुग्णांना आपण तात्या म्हणू. वय एकाहत्तर. मुंबईत १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी घरचे जेवण कचेरीत पोचवण्याची व्यवस्था उभी केली, तेव्हापासून मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील किती घरांनी त्या कामावर संसार केले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तात्यांचे घर त्यांपैकीच एक. डब्यांनी भरलेली लाकडी पाटी त्यांनी तेहेतीस वर्षे डोक्यावर वाहिली. पुढे गावी परतून ते भातशेती पाहू लागले. मुंबईत लागलेली तंबाखू-चुन्याची सवय मात्र सुटली नाही. गालाच्या आतल्या बाजूला जखम झाली, ती कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. दीड वर्षाने मानेत गाठ येऊन रोग उलटला, आणि या वेळी शस्त्रक्रिया करण्यासारखी स्थिती नव्हती. मुंबईतील डॉक्टरांनी निवोलुमॅब नावाचे इंजेक्शन अल्प मात्रेत, दर तीन आठवड्यांनी, आणि सोबत काही गोळ्या असा उपचार सुरू केला.

चौथ्या महिन्यात मानेची गाठ हाताला निम्मी लागू लागली. तोंडाने जेवण जाऊ लागले. घरात आनंद होता. पण त्याच सुमारास सूनबाई त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या.

"गाठ उतरली, पण तात्यांच्या अंगात त्राणच नाही हो. दिवसभर घोंगडी घेऊन बसतात. हाक मारली तर ओ द्यायलाही वेळ लागतो."

श्रावणातले दिवस होते. आमच्याकडे त्या दिवसांत धुके अंगणात उतरते आणि धडधाकट माणसालाही हुडहुडी भरते. वय, आजार, गोळ्यांचा शीण, पाऊस, अशी कारणे माझ्यापाशी तयार होती. मी जीवनसत्त्व बी-१२ ची इंजेक्शने दिली आणि एक टॉनिक लिहून दिले. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा टॉनिक बदलले. असे सहा आठवडे गेले. बद्धकोष्ठ वाढला, चेहरा सुजरा दिसू लागला, आवाज जड झाला. एके सकाळी ते न्हाणीतून येताना भोवळ येऊन भिंतीला टेकले आणि नातवाने त्यांना सावरले. त्या दिवशी मी नाडी पाहिली, ती मिनिटाला अठ्ठेचाळीस होती. तेव्हा कुठे मी म्हटले, "मुंबईची फाइल आणा बरं."

फाइल आली. तिच्यात छापील सूचनांचा एक कागद होता, आणि त्यावर थायरॉइडची तपासणी नियमित करावी, असे स्पष्ट लिहिलेले होते. तपासणीची चिठ्ठीही त्याच पिशवीत घडी घालून ठेवलेली होती. सूनबाईंनी ती मला दाखवली नव्हती, कारण मी ती मागितली नव्हती. रक्ततपासणीत टीएसएच ऐंशीच्या वर आले. निरोगी माणसात ते साधारणपणे चार-पाचच्या खाली असते. तात्यांची थायरॉइड ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती, आणि मी सहा आठवडे त्यांना ताकदीची औषधे पाजत होते.

मुंबईच्या डॉक्टरांशी बोलून, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी ठीक आहेत याची आधी खात्री करून, थायरॉक्सिनची गोळी थोड्या मात्रेत सुरू केली आणि हळूहळू वाढवली. दोन महिन्यांत घोंगडी खुंटीवर गेली. नंतर एकदा तात्यांनी मला सरळ प्रश्न केला, "डॉक्टरबाई, औषध कॅन्सरचं, मग गळ्यातली ही दुसरीच ग्रंथी कशी बंद पडली?" उत्तर देण्यासाठी मला पुन्हा पुस्तके उघडावी लागली. ते उत्तर सोपे करण्याची युक्ती मात्र तात्यांच्याच धंद्यात सापडली.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असते आणि आतही अशाच आवरणांची अनेक दालने असतात. पेशीला लागणारी प्रथिने एका दालनात तयार होतात, दुसऱ्यात त्यांवर संस्कार होतात आणि मग ती पेशीच्या पृष्ठभागावर, बाहेर किंवा दुसऱ्या एखाद्या दालनात पोचवावी लागतात. ही ने-आण सूक्ष्म पिशव्यांतून होते. पिशवी एका आवरणापासून सुटते, पेशीच्या आतल्या तंतूंच्या रुळांवरून जाते आणि ठरलेल्या आवरणाला चिकटून आपला माल तिथे रिता करते. पिशवीवर काही प्रथिने खुणेसारखी असतात, त्यांवरून तिने कुठे जायचे ते ठरते. तिच्यावरील आणखी काही प्रथिने मुक्कामाच्या आवरणावरील जोडीदार प्रथिनांत कडी-कोयंड्यासारखी अडकतात. कडी दुसऱ्याच्या कोयंड्यात सहसा बसत नाही, म्हणून माल सहसा चुकत नाही. या वाहतुकीची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्युडोफ यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे ऐकून तात्या म्हणाले, "म्हणजे आमचीच लाइन म्हणा की! झाकणावर रंगानं खूण असायची. कुठलं स्टेशन, कुठली इमारत, कितवा मजला. डबा चार हातांतून गेला तरी चुकायचा नाही."

आता याचा कर्करोगाशी काय संबंध, ते पाहू. प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे छोटे तुकडे अशाच पिशव्यांतून पृष्ठभागावर पाठवते आणि तिथे ते मांडून ठेवते. रक्तातील टी-पेशी नावाचे पहारेकरी फिरत असतात आणि हे नमुने तपासतात. नमुना ओळखीचा असेल तर पुढे जातात. विषाणूचा किंवा बिघडलेल्या पेशीचा परका नमुना दिसला तर टी-पेशी त्या पेशीला भिडते. मग तिच्या आतल्या मारक द्रव्याच्या पिशव्या रुळांवरून नेमक्या त्या भिडलेल्या जागी येतात आणि तिथेच रित्या होतात. एक द्रव्य शत्रूच्या आवरणाला छिद्रे पाडते, दुसरे त्यातून आत शिरून त्या पेशीला मरण स्वीकारायला लावते. शेजारच्या निरोगी पेशीला सहसा धक्का लागत नाही, कारण माल योग्य दारातच उतरवला जातो.

कर्करोगाची पेशी या व्यवस्थेला फसवते, आणि तिच्या दोन युक्त्या वाहतुकीशीच निगडित आहेत. पहिली म्हणजे नमुने मांडण्याचा फलकच काढून घेणे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हा फलक पृष्ठभागावर ठेवण्याऐवजी आत ओढून पेशीच्या भट्टीत नष्ट केला जातो, असे २०२० साली दाखवले गेले. दुसरी युक्ती अधिक कावेबाज आहे. टी-पेशींवर पीडी-१ नावाची एक कळ असते. ती दाबली गेली की टी-पेशी थांबते. शरीराने ही कळ चांगल्या हेतूने ठेवली आहे, नाहीतर पहारेकरी घरच्यांवरच धावून जातील. कर्करोगाच्या पेशी ती कळ दाबणारे प्रथिन आपल्या अंगावर मिरवतात. जणू दारावर 'सर्व ठीक आहे, पुढे जा' अशी सूचना लावलेली. २०१७ साली दोन स्वतंत्र संशोधकगटांना आढळले की ही सूचना आत ओढली जाऊन नष्ट होण्याच्या मार्गावर असताना दुसरे एक प्रथिन तिला वाचवते आणि पिशवीतून पुन्हा दारावर आणून लावते. म्हणजे ही पाटी पुनःपुन्हा जागेवर येत राहते.

या ठिकाणी आपण थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे. तात्यांच्या शरीरातील पहारेकरी अशक्त नव्हते. त्यांच्यापाशी शस्त्रे होती, ती चालवण्याचे बळही होते. त्यांना चुकीची सूचना दाखवून दारातून परत पाठवले जात होते. बाजारातले कोणतेही टॉनिक, चूर्ण किंवा काढा ती सूचना उतरवू शकत नाही. ती निष्प्रभ करण्याचे काम निवोलुमॅबसारखी औषधे करतात. पीडी-१ ही कळ जपानमधील तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडली. अशाच दुसऱ्या एका कळीवर अमेरिकेतील जेम्स ॲलिसन यांनी काम केले. दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले. निवोलुमॅब टी-पेशीवरील त्या कळीवर जाऊन बसते, मग कर्करोगाच्या पेशीला ती दाबता येत नाही.

आणि इथेच तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. कळ एकदा झाकली की ती सगळ्याच टी-पेशींसाठी झाकली जाते. त्यांतल्या काही, ज्यांना शरीराने आजवर आवरून धरले होते, त्या निरोगी अवयवांच्या दारातही शस्त्र उतरवतात. कुणाची थायरॉइड, कुणाचे आतडे, कुणाचे फुप्फुस, कुणाचे यकृत. "म्हणजे डबा शेजारच्या घरात गेला," तात्या म्हणाले. मी म्हटले, "हो. आणि तो गेला हे ओळखायला मला सहा आठवडे लागले."

पेशीच्या आतली ही सारी हालचाल पाहायची तर पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवता आली पाहिजे. ती विद्या आपल्याकडे रुजवणाऱ्या संशोधिका पुण्याच्याच होत्या. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ सालचा. हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात त्या शिकल्या. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कर्करोगावर काम केले, आणि पुढे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

या औषधांची आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे किंमत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी त्यावर एक साधा प्रश्न विचारला: कमी मात्रेने भागेल का? निवोलुमॅबची नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी डोके व मानेच्या, बऱ्या होऊ न शकणाऱ्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला तोंडाने घ्यायच्या तीन स्वस्त औषधांचा उपचार दिला, दुसऱ्याला त्याच औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के होते, तर दुसऱ्यात ४३.४ टक्के. तात्यांना मिळालेला उपचार याच धर्तीचा होता. हे आकडे आशा देतात, पण ते पुरते वाचावेत. दुसऱ्या गटातीलही निम्म्याहून अधिक रुग्ण वर्ष पूर्ण करू शकले नाहीत. घरच्यांशी बोलताना मी दोन्ही गोष्टी सांगते, कारण पुढचे बेत दोन्हींवर ठरतात.

आणखी एका उपचाराविषयी मला वारंवार विचारले जाते, तो म्हणजे कार-टी. यात रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोगाच्या पेशीचा पत्ता ओळखणारे नवे प्रथिन देऊन परत सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्याने हा उपचार भारतात प्रथम ४ जून २०२१ रोजी खारघरच्या केंद्रात झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. मात्र तो रक्ताच्या आणि लसीकाग्रंथींच्या काही ठराविक कर्करोगांसाठी आहे, आणि खर्च अजूनही लाखांच्या घरात आहे. तोंडाच्या कर्करोगासाठी कुणी तो सुचवत असेल तर पैसे भरण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांना विचारावे.

आता रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी चार शब्द. आपल्या घरी कुणाला इम्युनोथेरपी चालू असेल किंवा पूर्वी होऊन गेली असेल, तर कोणत्याही डॉक्टरांकडे, अगदी सर्दी-पडशासाठी जातानाही, फाइल सोबत न्यावी आणि इंजेक्शनचे नाव व शेवटची तारीख आधी सांगावी. दुष्परिणाम शेवटच्या इंजेक्शननंतर काही महिन्यांनीही उद्भवू शकतात. दिवसातून नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा जुलाब होणे, शौचातून रक्त जाणे, नवा कोरडा खोकला किंवा धाप, डोळे पिवळे दिसणे, एकाएकी तहान आणि लघवी वाढणे, अंगावर फोड येणे, पापण्या जड होऊन मिटणे, असह्य थकवा, न सोसणारी थंडी, बद्धकोष्ठ, यांपैकी काहीही दिसले तर 'वयोमानाने होते' म्हणून सोडू नये. जुलाब थांबवण्याची गोळी किंवा घरगुती उपाय करण्याआधी उपचार करणाऱ्या रुग्णालयाला दूरध्वनी करावा. धाप लागली असेल तर वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. वेळेवर ओळखले तर यातील बहुतेक त्रास स्टेरॉइडने किंवा तात्यांप्रमाणे संप्रेरकाच्या गोळीने आटोक्यात येतात. इंजेक्शन मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यावी. चहा निदान अर्ध्या तासाने. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीत आणि तिच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. काढे आणि चूर्णे चालू असतील तर लाजू नका, ती डॉक्टरांना सांगा. काही वनौषधींनी यकृताला इजा होते, आणि मग दोष औषधाचा की चूर्णाचा हे कळणे अवघड जाते. टॉनिकवर खर्च होणारा पैसा डाळ, अंडी, दूध आणि तपासणीसाठी लागणारे गाडीभाडे यांवर खर्च व्हावा, असे माझे आता स्पष्ट मत आहे. आणि घरात कुणी तंबाखू किंवा मशेरी वापरत असेल तर त्यांचे तोंड महिन्यातून एकदा उजेडात पाहावे. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांसाठी तपासणी लांबणीवर टाकू नये.

तात्यांनी यातून आपल्या परीने मार्ग काढला. फाइलचे प्लास्टिकचे वेष्टण त्यांनी नातवाकडून स्वच्छ पुसून घेतले आणि तैलरंगाने त्यावर स्वतः खुणा काढल्या. वरच्या कोपऱ्यात लाल रंगात 'नि', म्हणजे निवोलुमॅब. खाली निळ्यात 'था', म्हणजे थायरॉइड. मध्ये मोठ्या अक्षरांत रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक. मला दाखवत ते म्हणाले, "आता मला बोलता नाही आलं तरी ज्याच्या हातात पडेल त्याला कळेल."

थायरॉइडचा उपचार सुरू झाल्यानंतर ते अकरा महिने जगले. त्यांतले नऊ चांगले गेले. एक भातलावणी त्यांनी बांधावर बसून पाहिली, नातवाच्या दहावीचा निकाल ऐकला, आणि तपासणीसाठी लोणावळ्याहून दादरला जाताना दर वेळी खिडकीची जागा धरली. शेवटच्या दोन महिन्यांत रोगाने उचल खाल्ली. तेव्हा वेदनाशमनाची औषधे घरीच दिली. त्यातच ते गेले.

ती फाइल सूनबाईंनी माझ्या दवाखान्यात आणून ठेवली आहे. आता मोठ्या रुग्णालयातला उपचार चालू असलेला कुणी ताकदीचे औषध मागायला आला की मी ती टेबलावर काढते, त्या खुणा दाखवते, आणि लेखणी हाती घेण्याआधी विचारते, "तुमची फाइल कुठे आहे?"